पकडीने तोडलेली कॉइल

नाव नोंदवहीत आहे. गल्लीत कॉइलवाली आजी म्हणतात. वय अडुसष्ट. शिक्षण दुसरी. धंदा, विजेच्या शेगड्यांच्या कॉइली घरी गुंडाळणे. राहणार पुलाजवळची गल्ली, तळमजला.

आज पोलीस ठाण्यात बोलावलं म्हणून हजर राहून समक्ष सांगते की, मी एकवीस वर्षं भट्ट्यांच्या कॉइली करणाऱ्या कारखान्यात होते. तिथली तार ऐंशी भाग निकेल, वीस भाग क्रोम. हजार अंशांवर लाल होऊन राहते. वर साय धरते आणि ती साय आतल्या तारेला जळू देत नाही. कारखाना बंद झाला तेव्हापासून तीच तार घरी वापरते.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घड्याळवाले एकटे राहत. रविवारी दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या खोलीला आग लागली, त्यात ते गेले. त्यांच्या मुलाची तक्रार आहे की शेगडीची कॉइल माझी आणि तार हलकी. तार हलकी ठरली तर माझं काम कायमचं बंद होईल, हे मला समजावून सांगितलं आहे. कॉइल माझीच. तार हलकी नाही. साहेबांसमोर चुंबक लावला, चिकटला नाही. लोखंड असतं तर चिकटला असता. मुलगा वर्षातून कितीदा यायचा हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून सांगत नाही.

घड्याळवाले दर बुधवारी अकरा वाजता तुटकी कॉइल घेऊन येत. माझी कॉइल दोन-दोन वर्षं हलत नाही. जळून तुटलेल्या तारेच्या टोकाला वितळून मणी येतो. यांचं टोक सपाट, चकचकीत. घड्याळाच्या बारीक पकडीने तोडलेलं. मला पहिल्याच खेपेला कळलं. तरी दर खेपेला नवी करून द्यायचे. नवी कॉइल तपासायची तर तिच्यावर काहीतरी उकळावं लागतं, म्हणून चहा टाकायचे. दोन कप.

“बाई, तुमची तार फार नाजूक हो.”

“नाजूक तुमचे गुडघे. बसा.”

मागच्या बुधवारी सून आलेली होती. त्यांना दारात बघून हसली, “आई, तुमचं गिऱ्हाईक आलं!” राग आला तिचा, काढला त्यांच्यावर. म्हटलं, “पकडीने तोडता ते दिसत नाही का मला? आता आपोआप तुटेल तेव्हाच या.” ते “बरं” म्हणाले. कॉइल परत खिशात घातली आणि गेले. चहा झाला नाही.

जप्त केलेल्या कॉइलला मधोमध पिळा आहे, तुटकी टोकं एकमेकांत वळून जोडलेली. बारीक, एकसारखा. हात घड्याळवाल्यांचाच. पण या तारेला नुसता पिळा चालत नाही. जोड सैल पडतो, तापतो, ठिणग्या उडतात. शेगडीला लागून पडदा होता. पिळ्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, मी नवी करून देत होते.

बुधवारचं बोलणं लिहायची गरज नाही, तुमच्यावरच शेकेल, असं हवालदार म्हणाले. मी लिहायला लावलं.

वरील सर्व मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे. ‘मयताशी नातं’ या रकान्यात हवालदारांनी ‘गिऱ्हाईक’ लिहिलं आहे. दुसरं काही लिहू का, असं त्यांनी विचारलं. राहू द्या म्हटलं.

सही.