गिटारीवरचं ओके

माह्या काळ्या गिटारीवर हे पांढरं काय, विचारून राहिला ना? ऐक मंग.

त्या दिवशी संध्याकाळी सातले सिविक सेंटरले आमच्या बँडचा प्रोग्राम होता. उन्हाळ्यानं गिटारीचं लाकूड आकसलं, अन् फ्रेटच्या पट्ट्यांचे टोक बाहेर येऊन बोटं कापून राहिले. मी कानशीनं घाईघाईत घासून राहिलो होतो. माहे बाबा प्लांटात इन्स्पेक्शनच्या, म्हंजे माल तपासायच्या नोकरीत होते. त्यांनी जवळ येऊन पट्ट्यांवर अंगठा फिरवला. "रिजेक्ट."

पुन्हा घासलं. "रिजेक्ट."

"बाबा, पोरं खाली हॉर्न वाजवून राहिले!"

"वाजवू दे. धार हाय अजून."

शेवटी एकदाचे म्हणाले, "पास." मी बूट घालून आलो, तं बाबांनी प्लांटात पास झालेल्या मालावर लिहितात तसं पांढऱ्या ऑइलपेंटनं गिटारीवर भलंमोठं 'ओके' लिहून ठेवलं होतं.

"घेऊन जा," म्हणाले, "पण रात्रीपर्यंत हात लावू नोको. ओलं हाय."