दारावरचा खिळा

या, टेका जरा, शांघायातली एक ऐकलेली गोष्ट सांगतो. च्वांग सुतार बसच्या रांगेत उभा होता. पुढं युएदी आणि तिची शेजारीण बोलत होत्या.

"युएदी, सकाळी तुझ्या दारात एवढी माणसं कसली गं?"

"लढाईच्या जागा पायी फिरून बघणारी. त्यांची वाटाडी पोरगी म्हणाली, जपानी शिपायांनी या घरात पोरी डांबल्या होत्या."

"आपल्या गल्लीत?"

"माझ्याच खोलीत. दारावरच्या खिळ्याला पोरीच्या नावाची पाटी असायची. शिपाई आत गेला की पाटी उलटी करायचे."

"तू खारा मासा टांगतेस, तो खिळा?"

"तोच. सासूबाई रोज मासा काढायच्या, मी रोज परत टांगायचे. तीस वर्षं भांडलो."

"मग आज काय म्हणाल्या त्या?"

"त्या वाटाड्या पोरीला म्हणाल्या, पाटीवरची नावं खरी नसायची. मला इथं सुमिको म्हणायचे, जपानी नाव. पुढं नवऱ्याला सरकारी खोली मिळाली, ती नेमकी हीच."

युएदीनं मागं वळून सुताराच्या पिशवीकडं पाहिलं.

"मामा, पक्कड आहे ना? घरी चला. त्या झोपेतून उठायच्या आत तेवढा खिळा काढून द्या."