पंचायतीपुढं तिरडी ठेवली तवा

माझं माहेर नरसीकडचं, दिलं कुरुंद्याच्या अंगाला एका खेड्यात, गावाचं नाव लिहू नका, तिथंच ऱ्हायचं हाय मला. काय सांगू तुमाला, समदी जिंदगी हळदीत गेली, काढायची, शिजवायची, वाळवायची, मी आन् आमचे मालक दोघं बी दादाराव पाटलाच्या शेतात. मालक म्हंजी माझ्या लेकरायचा बाप, नाव घेत न्हाई आमी.

तर आमच्या बौद्धवाड्याची जाळायची जागा वढ्याच्या काठाला. गावाचं टिनाचं शेड वर उंचावर, सरकारी, समद्यायसाठी बांधलेलं, पन आमचं मढं तिथं कदी गेलंच न्हाई. काहून, ते कुणी इचारलं बी न्हाई.

मालक गेले तवा वढा भरून चालला व्हता, आमची जागा पान्याखाली. मोठा पोरगा म्हणला, वर नेऊ. नेलं, तर शेडापुढं मानसं हुबी, आन् म्होरं दादाराव. म्हणले, गयाबाई, तुमची जागा तिकडं हाय, पानी उतरूस्तोर थांबा. मी म्हणलं, दादा, मढं थांबते का? ते खाली बघत ऱ्हायले, पन सरकले न्हाईत.

पोरं तापली. माझे चुलत सासरे म्हणले, दगड उचलायचा न्हाई, शिवी द्यायची न्हाई, तिरडी वळवा. मंग ग्रामपंचायतीपुढं ठेवली आन् समदा वाडा भवती बसला. त्रिसरण म्हणायचं, संपलं की परत म्हणायचं. मी पदरानं माशा वारीत बसले. रडू न्हाई आलं बगा, हात तेवढा हालत व्हता.

तालुक्याचे साहेब आले, पोलीस आले. साहेब म्हणले, उठा मावशी. मी म्हणलं, मी कुठं अडवून बसले, मी तर मालकासंगं हाय. दिवस कलला तवा कुठं साहेबानं गावाला सांगितलं, आन् मालकाला वर शेडात जाळलं. कुणी आडवलं न्हाई, कुणी आलं बी न्हाई.

मंग उन्हाळ्यात वढ्याकाठी नवं शेड झालं, खास आमच्यासाठी. पुढारी म्हणले, बगा, तुमी बसल्यानं भेटलं. रिबीन माझ्या हातानं कापून घेतली, साडी दिली, आमचीच मानसं टाळ्या वाजवून राहिली. मी बी कापली. घरी आल्यावर उमगलं, आता वरचं शेड आमाला कायमचंच बंद झालं. राग यायला पायजे व्हता, न्हाई आला.

आज बी दादारावाच्याच हळदीत जाते मी. ते बोलतेत, मी बी बोलते, त्या दिवसाचं कुणी काढत न्हाई. घरी मातर पोराला सांगून ठिवलं, मला नव्या शेडात नेऊ नको, तुह्या बापाला जाळलं तिथंच ने. पोरगं म्हणते, आई, मंग परत बसावं लागन. म्हणलं, बसा की बाबा. मला कुठं घाई असनार हाय तवा.