व्याह्याच्या तोंडचा आवाज

बाबनराव: मोठ्यानं लाव गा तो साखरपुड्याचा व्हिडिओ, अंकुर. साऱ्या दुकानाले कळू दे, माया व्याही कसा हाय ते.

अंकुर: काकाजी, माझ्या दुकानात आपण तिघंच आहो.

बाबनराव: तिघं तर तिघं. पाह्य! केशवरावानं लाडवाचा घास गिळला, तोंड उघडलं, अन् ऐक... “लाडू हाये का गिट्टी!” पोरीच्या साखरपुड्याचे लाडू मी सोताच्या हातानं वळले, अन् हा माणूस त्याले रस्त्याची खडी म्हणते! मोडलं लग्न. मंडपवाल्याले सांगतो.

मयुरी: बाबा, रविवारी माझं अन् अपूर्वचं लग्न आहे. पत्रिका वाटून झाल्या. अपूर्वचे बाबा हात जोडून सांगून राहिले, मी असं बोललोच नाही.

बाबनराव: मंग त्याचं तोंड काय जांभई देऊन राहिलं होतं?

अंकुर: काकाजी, जरा पुढचं पाहा ना. हे मांडीवरचं लेकरू. ऐका काय म्हणते.

बाबनराव: “अजून एक द्या ना जी”... अरे! याले दात तरी हाय का?

अंकुर: चार महिन्याचं आहे. अन् इकडं भटजी पाणी पिऊन राहिले, मंत्र चालूच.

बाबनराव: भटजी हुशार हाय.

अंकुर: नाही जी, चूक माझी आहे. माझ्या हाताखालच्या चंदननं मोबाइलवर शूट केलं. मोबाइल उजेडात सेकंदाले तीस फोटो घेते, उजेड कमी झाला की चोवीस. तुमच्या टीव्हीवर चालावं म्हणून मी फाइल बदलली, तेव्हा सरसकट तीस धरले. चित्र पळालं पुढं, आवाज आला मागून. शेवटी शेवटी तर चार सेकंद मागे आहे.

बाबनराव: म्हणजे विणताना धागे चुकले, ताणा पुढं अन् बाणा मागं.

अंकुर: बस, तेच!

बाबनराव: मंग आवाज ओढ ना चार सेकंद पुढं. त्यात काय मोठं?

अंकुर: तसं केलं तर सुरुवात बिघडते. पहिले फोटोंचा वेग एकसारखा करा लागते.

बाबनराव: सुरुवातीले पाहुणे चपला काढून राहिले फक्त. बरं, कर.

(अंकुर मूळ फाइल पुन्हा बदलायला लावतो. तिघंही पडद्यावरच्या टक्क्यांकडे बघत बसतात.)

अंकुर: झालं. लावतो.

मयुरी: बाबा, माझा हात सोडा ना, दुखून राहिला.

बाबनराव: चूप बस वं. हा पाह्य केशवराव... गिळला... तोंड उघडलं...

मयुरी: “अजून एक द्या ना जी!” ऐकलं बाबा? ते लाडू मागून राहिले होते!

बाबनराव: दुसरा लाडू? मायावाला?... मंग गिट्टी कोन म्हणालं? मागं घे गा.

अंकुर: हे घ्या.

बाबनराव: थांबव. ही हिरव्या लुगड्यातली...

मयुरी: आई आहे.

बाबनराव: आवाज तर बाप्याचा हाय!

मयुरी: पाहुण्यायच्या मागं ओरडून ओरडून घसा बसला होता तिचा. मावशीले सांगून राहिली.

बाबनराव: सव्वीस वर्षं झाले. दर दिवाळीले मी लाडू वळतो, अन् ही भागीरथा दर दिवाळीले म्हणते, छान झाले जी. तुले ठाऊक होतं?

मयुरी: आम्ही चहात बुडवून खातो, बाबा.

बाबनराव: लई लागलं वं मले.

अंकुर: काकाजी, म्हणान तर तेवढा आवाज उडवून देतो. कोणाले पत्ता लागणार नाही.

बाबनराव: खबरदार हात लावशीन तर! साऱ्या नागपुरात माया लाडवाचा एकच कदरदान, अन् मी त्याच्याच घरी पोरगी देत नव्हतो. मयुरी, लाव केशवरावाले फोन. माफी मागतो.

मयुरी: लावते. अन् आईले काय सांगायचं?

बाबनराव: काही नको सांगू. तिनं सांगतलं का कधी मले?