सनईची चार मिनिटं

मी : श्याओ-पेंगचं पत्र आलं होतं, वसंतोत्सवाच्या आधी. मी उत्तरच दिलं नाही.

शूयी : आणि आता सांगताय? शरदातले मूनकेकसुद्धा खाऊन झाले, बाबा! कोण, तो भुयारात तालमी करणारा गिटारवाला?

मी : हं.

शूयी : मोबाइल नाही का त्याच्याकडे?

मी : मोबाइलला मी उत्तर देत नाही, ठाऊक आहे त्याला.

शूयी : पत्राला मात्र लगेच देता! काय म्हणतोय?

मी : त्यांच्या बँडचं ते शब्द नसलेलं लांबलचक गाणं आहे ना, त्यात चार मिनिटं माझी सनई होती. मी तुझ्याकडे राहायला आलो, तरी त्यांनी ती जागा भरली नाही. गिटार थांबतात, ड्रमवाला काठ्या मांडीवर ठेवतो. चार मिनिटं गप्प.

शूयी : आणि लोक?

मी : खोकतात. छंगतूच्या कार्यक्रमात एकजण ओरडला म्हणे, वीज गेली का?

शूयी : कमाल आहे. मग हवंय काय त्याला?

मी : येत्या हिवाळ्यात रेकॉर्ड करताहेत. तुम्ही येताय, की आम्ही जागा भरू, विचारतोय.

शूयी : मग जा की!

मी : दोउदोउला शाळेतून कोण आणणार? तुझी हॉस्पिटलची पाळी, जावईबापू शेन्झेनला.

शूयी : पोराला मधे आणू नका. एखाद दिवस शेजारची आणेल.

मी : दम राहिला नाही गं. सराव तरी कुठं करू? एकदा वाजवली, तर वरच्या मजल्यावरची बाई अंत्ययात्रेची सनई समजून विचारायला आली, कोण गेलं?

शूयी : मी रात्रपाळी करून झोपले होते. मला वाटलं, मीच गेले.

मी : बघ.

शूयी : मग 'नाही' कळवायचं. इतके महिने पोरांना टांगून ठेवलंत?

मी : 'नाही' म्हटलं की ते जागा भरतील.

शूयी : भरू देत!

मी : तेवढी चार मिनिटं अजून माझी आहेत, शूयी. इथं मी दोउदोउच्या दुमजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर झोपतो.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, खाली, हिरव्या टपालपेटीपाशी.)

शूयी : थांबा. नक्की ना?

मी : पोरं माझ्यापायी अडकलीत. अडकलेला एक पुरे.

शूयी : काय लिहिलंत?

मी : 'भरा.'

शूयी : एवढंच?

मी : खाली सही केली. टाकलं बघ.

शूयी : आज मी आणते दोउदोउला. तुम्ही बसा जरा.

मी : बसून काय करू? चल.