देवाची उजवी

सुमंगला : ह्या यंत्र मोडलां गो. चंद्रावरचो ससो खाली डोक्या करून लोंबकळता.

कमलाक्षी : मोडलं नाही, आत्या. दुर्बिणीत असंच दिसतं. वरचं खाली, उजवीकडचं डावीकडे.

सुमंगला : मगे पैशे घालून घेवचा कित्याक? उलटा-पालटा माका ह्या घरात फुकट दिसता.

कमलाक्षी : ती कदेल पुढे ओढ आणि नीट बस. नळीला हात लावू नको, हलते. आता चंद्राच्या शेजारचा तो ठळक तारा लावून देते... हं, बघ.

सुमंगला : हो तर वाटाण्याएवढो. आणि बाजूक बारीक दाणे.

कमलाक्षी : तो गुरू. दाणे म्हणजे त्याचे चंद्र.

सुमंगला : ह्योच तो? लग्नाच्या पोरींक बळ दिता म्हणतत तो गुरू? आपली पोरां भोवती धरून बसलो हा मरे. दुसऱ्याच्या पोरीचा हो काय बघतलो.

जयराम : सुमंगल, गुरूची थट्टा नको. परवा तुळशीचं लग्न लागलं, उसाचे दांडे अजून वृंदावनापाशी उभे आहेत. अशा जागी तरी तोंड सांभाळावं.

सुमंगला : इलो बुवा. ये, तूय बघून घे, दादा. उद्या ही वस्तू घरातसून जातली.

जयराम : उद्या?

कमलाक्षी : कृष्णनाथने पेडण्याच्या बसच्या कंडक्टरकडे निरोप पाठवलाय. सकाळच्या गाडीत ठेवा म्हणून. रविवारी मांद्र्याला त्याचं लग्न आहे ना. नव्या नवरीला दाखवायची असेल.

जयराम : परत करावी. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात राहू नये. शेंडेनक्षत्र दाखवायला त्याने ती आणली. ते नक्षत्र गेलं तेव्हाच हीदेखील जायला हवी होती.

कमलाक्षी : तेव्हा तुम्हीच म्हणालात, "मास्तर, राहू दे इथे, आमच्या परसातून आभाळ मोकळं दिसतं."

जयराम : तेव्हा तो या घरचा जावई होईल असं मनात होतं. रवळनाथाने कौल दिला नाही. त्याच्या इच्छेपुढे तू कोण आणि मी कोण?

कमलाक्षी : मी कुठे काय म्हणाले? तेव्हा म्हणाले नाही, आज कशाला म्हणू.

सुमंगला : डिचोलीची चली म्हणतत. उंच आसा, तेका शोभतली. जाव दी. माका आधी सांग, ह्या उजव्याचा डावा होता ता कसा? कौलासारख्याच मगे.

कमलाक्षी : कौलासारखं म्हणजे?

सुमंगला : म्हणजे बाजू गो. तू त्या दिसा देवळात नव्हतंस. गुरवान देवाच्या दोन्ही खांद्यांक पाकळ्यो लायल्यो, गाराणा घातल्यान, उजवी पडली तर पोर मांद्र्याक दिवची, डावी पडली तर नाय. मी खांब्याक टेकून बसलंय. आणि पडली ती समयेकडची. तेवाच कपाळाक हात लायलंय. म्हटलंय, डावीच दिल्यान देवान.

जयराम : सुमंगल, आत चुलीवरची पेज बघ. उतू जाईल.

सुमंगला : पेज कधीच उतरून ठेवलंय.

कमलाक्षी : समईकडची पडली, आत्या? नक्की?

सुमंगला : समयेतच पडली ती. वातीक लागान वाश येयत म्हणान गुरवान बोटान काडल्यान.

कमलाक्षी : समई तुझ्या डाव्या हाताला होती.

सुमंगला : तां तर सांगतंय. डाव्या हाताक.

कमलाक्षी : तुझ्या. देवाच्या नाही. देव तुझ्याकडे तोंड करून उभा आहे, आत्या. तुझी डावी बाजू ती त्याची उजवी.

सुमंगला : ...अगे आवयस. खरांच गो. मगे पडली ती उजवी? दादा, ही काय सांगता? उजवी पडली?

जयराम : माणसाच्या डोळ्यांचा भ्रम होतो. संध्याकाळची वेळ, गाभाऱ्यात धूर. मला जे दिसलं ते मी सांगितलं.

कमलाक्षी : बाबा, आत्याचं चुकणं मला पटतं. ती खांबाला टेकून बसली होती, तिने कधी कौल वाचला नाही. तुमचं कसं चुकेल? तुम्ही तर ते कीर्तनात सांगता.

जयराम : काय सांगतो?

कमलाक्षी : माझ्या तोंडून ऐकायचंय? "भाविक हो, देवासमोर उभे राहाल तेव्हा ध्यानात ठेवा, तुमची डावी ती देवाची उजवी. तुम्हाला वाटतं देव नाही म्हणतोय, आणि तो बापडा केव्हाचा हो म्हणत असतो." इथे तुम्ही चिपळ्या थांबवता. मी पेटीवर सा धरते. बायका डोळे पुसतात. पाळी गावापासून नार्व्यापर्यंत जिथे जिथे तुम्ही उभे राहिलात तिथे मी मागे बसून तो सा धरलाय, बाबा. मलाही दर वेळी भरून यायचं.

जयराम : कीर्तनातलं बोलणं निराळं. आणि घाईगर्दीत माणूस...

सुमंगला : घाई खंयची रे? गुरव तुका कायतरी सांगूक तोंड उघडी, तवसर तू पायऱ्यो देवन भायर. मी मागसून धावतंय, दादा, दादा. माका वाटला, पोरीचा मोडला म्हणान तुका सोसवला नाय. तुझ्या पाठीर हात फिरवत घराकडे हाडलंय मी तुका.

कमलाक्षी : गुरवाला बोलू दिलं नाहीत तर. का, बाबा?

जयराम : का? मला विचारतेस का? कोंकणी राजभाषा व्हावी म्हणून झालेली ती सभा आठवते? मी धारगळचं कीर्तन आटपून येत होतो. लोक जमलेले दिसले म्हणून मागे उभा राहिलो. चिपळ्या पिशवीत होत्या. आणि व्यासपीठावर कोण, तर हे मास्तर. काय म्हणतात? "आमच्या देवळांत आमच्याच देवाला परक्या भाषेत आळवतात." परक्या! माझ्या आजोबांनी ज्या भाषेत त्याला हाक मारली, फिरंग्यांच्या राज्यात दारं लावून मारली, ती मराठी परकी? लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्याने मला ओळखलं आणि मान खाली घातली. त्या माणसाला मी माझी पोर हात धरून द्यायची?

कमलाक्षी : द्यायची नव्हती तर तसं सांगायचं होतं. "मी देत नाही" म्हणायचं होतं. मी रडले असते, भांडले असते. तुमच्याशी भांडता तरी आलं असतं. देवाशी कसं भांडू? म्हणून गप्प बसले.

जयराम : तू तरी त्याची बाजू घेऊ नकोस.

कमलाक्षी : त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी तो इथे आला होता. तुम्ही नव्हता. इथेच, या वृंदावनाच्या कट्ट्यावर बसला. म्हणाला, "टाळ्यांच्या भरात तोंडातून गेलं. कोंकणी माझी आहे म्हणताना बुवांचं मी परकं करायला नको होतं." म्हणाला, "आत्ता माफी मागितली तर पोरीसाठी मागतोय असं वाटेल. एकदा कौल होऊ दे, मग येऊन पाय धरतो."

सुमंगला : असा म्हणालो तो?

कमलाक्षी : मग कौल झाला.

जयराम : हे मला कोणी सांगितलं नाही.

कमलाक्षी : तुम्ही कुणाला विचारलंत? देवाला विचारलंत. आणि त्याने सांगितलं, तेही कानाआड केलंत.



सुमंगला : बाय, लग्न रविवारी. आज बुधवार. कंडक्टराकडे एक चिठी दिली तर...

कमलाक्षी : नको, आत्या. त्या डिचोलीच्या मुलीने कुणाचं काय केलंय? तिच्या बापानेही कौल लावलाच असेल. त्याने सरळ वाचला, एवढंच.

सुमंगला : आणि तुझा काय?

कमलाक्षी : माझं काय. शाळा आहे, पेटी आहे. आभाळ उद्यापासून नुसत्या डोळ्यांनी बघायचं.

जयराम : कमळ... माका एकदा बघूक दी गो.

सुमंगला : आयकलंस? घरातली भास इली तोंडाक.

कमलाक्षी : बसा. एक डोळा मिटा. नळीला धरू नका, बाबा, सगळं आभाळ हलेल. दिसला?

जयराम : दिसता. तीनच पोरां आसत.

कमलाक्षी : चौथं त्याच्या पाठीमागे गेलं असेल. येईल फिरून. त्याची परत येतात.

जयराम : उजवेकडे दोन. डावेकडे एक.

कमलाक्षी : तुम्हाला दिसतं तसं.

जयराम : ...उद्या त्रिपुरी पुनव. देवळात कीर्तन आसा. पेटीर बसतलंस मगे?

कमलाक्षी : बसेन. कीर्तन देवाचं आहे. पण ते डाव्या-उजव्याचं वाक्य आलं तर मी सा धरणार नाही.

जयराम : आणि ता वाक्य मी घेतलाच नाय तर?

कमलाक्षी : तर लोक विचारतील, बुवा, आज ते का गाळलंत. समोर गुरवही बसलेला असेल.

सुमंगला : पुरे गो आता. भितर चला दोघांय. आणि ती नळी फडक्यान पुसून ठेव, दंव पडता. दुसऱ्याची वस्तू ती.