एकमताने बांधलेली कमान

चिडू नको तर काय करू? पुण्याजवळच्या सूसमधल्या आमच्या सोसायटीला पाणी टँकरने येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी कमिटीने फाटकावर बुटकी कमान बांधली! टँकर बाहेर, नळ कोरडे. ड्रायव्हर ओरडला, "तुमी कमान उचलताय, का मी चाकं काढू?"

मी सेक्रेटरीला धरलं. "बांधताना दिसलं नाही?"

"दिसलं हो. पण अध्यक्ष इतके खूश होते, कोण बोलणार?"

अध्यक्ष उसळले, "अहो, शंका मलाही होती! पण तुम्ही सगळे माना डोलवत होतात!"

मी कडाडलो, "यापुढे अध्यक्षांनी शेवटी बोलायचं, आणि दर मीटिंगला एकाने फक्त खोट काढायची."

"एकदम बरोबर!" अख्खी कमिटी एका सुरात म्हणाली.

"अहो, निदान मला तरी कोणी विरोध करा!"